वर्खाच्या खोलीतली हवा

१

"कोकलतेय बिचारी मघापासून. अर्धं पाणी उडून गेलं असेल. पण उठणार कोण? या घरात उठायचा मक्ता मी एकटीनंच घेतलाय ना."

दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळे सुनेची ही कुरकुर पायरीवर उभ्या असलेल्या गॅसवाल्या बाईंच्या थेट कानावर पडली. आत शेगडीवर किटली शिट्टी मारत होती. शेगडीपासून हातभर अंतरावर एक ठेंगणी म्हातारी स्टुलावर बसून वाटाणे सोलत होती, किटलीशी आपलं काही देणंघेणं नाही अशा निवांतपणे. सून ओले हात पुसत आली, गॅस बंद केला, सासूच्या खांद्याला बोट लावलं आणि समोर येऊन म्हणाली, "आई, कोणीतरी आलंय."

"गॅस कंपनीतून आलेय," बाई म्हणाल्या.

सुनेचा चेहरा उतरला. "तुम्हीच ना त्या? हीटर पास करून गेलेल्या?"

त्याच होत्या. ऑफिसात त्यांना सगळे 'नाक' म्हणायचे. वीस वर्षांत बाईंनी नुसत्या वासावर इतक्या गळत्या पकडल्या होत्या, की यंत्रानं मागाहून फक्त मान डोलवायची. पण चार दिवसांपूर्वी या घरातून ज्यानं माणूस नेला, त्याला वासच नव्हता. खोलीत हवा कमी पडली की गॅस अर्धाकच्चा जळतो आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड सुटतो. ना रंग, ना वास, ना ठसका. आधी डोकं जड होतं, मग पाय जातात, मग माणूस जातो. या घरचे मास्तर, चौकटींवर सोन्याचा वर्ख चढवणारे म्हातारे कारागीर, कामाच्या खोलीत स्टुलावरून कलंडलेले सापडले होते. दवाखान्याच्या कागदावर त्याच वायूचं नाव होतं, आणि हीटरच्या पाठीवरच्या कार्डावर बाईंची सही.

साहेब सकाळीच म्हणाले होते, "पोलिसांनी लिहिलंय, हवेची जाळी उघडी होती. उघडी जाळी, चांगला हीटर आणि मेलेला माणूस, ही तीन वाक्यं एका कागदावर नांदत नाहीत. एकतर हीटर खोटा, नाहीतर तुमची सही खोटी. उद्या संध्याकाळपर्यंत सांगा, यातलं कुठलं."

नोकरी जाण्याची भीती होतीच. पण चार दिवस बाईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता तो वेगळ्याच भीतीनं. त्याच हातानं, त्याच घाईत त्यांनी या मोसमात आणखी चारशे हीटर पास केले होते. सही खोटी असली, तर आज या घटकेला चारशे घरांत कोण कोण हात शेकत बसलं होतं?

कामाची खोली लहानशी, एका खिडकीची. खिडकीच्या फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या, दाराच्या कडांना जाड लोकरी नमदा ठोकलेला. हवा यायला एकच वाट, भिंतीतला वीतभर चौकोनी झरोका. आतून त्याला लोखंडी जाळी स्क्रूनं आवळलेली होती आणि तिच्यापुढे कामाचं अवजड टेबल. पलीकडे मागचा व्हरांडा. बाईंनी जाळीसमोर हात धरला. थंडगार झुळूक बोटांना लागली.

त्यांनी हीटर पेटवला, वायू मोजायचं यंत्र टेबलावर ठेवलं आणि दार लावून पाऊण तास बसून राहिल्या. ज्योत निळीशार होती. यंत्रावरचा आकडा शून्यावरून हलला नाही.

हीटर चांगला होता. जाळी उघडी होती. आणि बाईंच्या पायाशी, फरशीवर, स्टूल घसरल्याचा ओरखडा होता.

२

"लिहा, हीटर खराब," मुलगा म्हणाला. तो उंच, कपाळाला कायम आठी असलेला. "खराब आहे म्हणूनच झालं. आणखी काय शोधताय?"

"हीटर खराब नाहीये."

"मग तुमचं यंत्र खराब असेल."

गावात त्याचं चौकटींचं दुकान होतं. यंत्रावर छापलेल्या सोनेरी पट्ट्या, तासाभरात चौकट तयार.

"बाबा माझ्या दुकानाची पायरी कधी चढले नाहीत," तो म्हणाला. "म्हणायचे, पिवळा रंग विकतोस."

"भांडण होतं तुमच्यात?"

"भांडायला बोलावं लागतं."

"आणि ही खोली?"

"मला माल ठेवायला हवी होती, हो. दोनदा मागितली. म्हणून काय बापाला मारून घेईन? त्या दिवशी सकाळी नऊपासून निरोप येईपर्यंत मी दुकानात होतो. गिऱ्हाइकांना विचारा."

बोलता बोलता त्याचं लक्ष सारखं स्वयंपाकघराकडे जात होतं. दवाखान्याचा कागद बाईंनी मांडीवर उघडला, तसा त्यानं झटकन त्यावर हात ठेवला. "हा आईसमोर काढू नका. तिला आम्ही सांगितलंय, हृदय बंद पडलं म्हणून."

"का?"

"वय झालंय तिचं," तो म्हणाला, आणि आठी आणखी खोल गेली.

मग बाई म्हातारीकडे गेल्या. चहाचा कप तयारच होता. "इकडे बसा, उजेडात," म्हातारी म्हणाली. "तोंड दिसू दे माणसाचं. अंधारात बसलेल्याशी काय बोलायचं?"

बाई उजेडात बसल्या. खाली वाकून पिशवीत पेन शोधता शोधता त्यांनी विचारलं, "त्या दुपारी तुम्ही कुठे होता, काकू?"

"फार थंडी हो यंदा," म्हातारी म्हणाली. "त्यांची बोटं आखडायची. सूनबाईनं स्वतःच्या पगारातून हीटर आणला. सासऱ्यासाठी कोण करतं एवढं?"

दुःखात माणूस आपल्याच तंद्रीत बोलतं, असं समजून बाईंनी पेन सापडल्यावर तिच्याकडे बघून पुन्हा विचारलं. या वेळी उत्तर मिळालं.

"मी? माझ्या जागेवर. व्हरांड्यात, उन्हाला. चव्वेचाळीस वर्षं त्याच जागेवर बसतेय मी." तिनं शालीचं टोक बोटाला गुंडाळलं. "पण असं एकदाही झालं नव्हतं. त्यांनी ठोकलंच नाही हो."

"काय ठोकलं नाही?"

म्हातारी तोंड उघडणार, तोच सून मधे आली. सासूच्या खांद्याला धरून तिनं तिला आपल्याकडे वळवलं. "आई, गोळीची वेळ झाली." मग बाईंना, पाठमोरी, हळूच: "पुरे आता. त्यांना दमवू नका."

३

मास्तरांच्या हाताखाली एक घोटाईवाला होता. वर्ख वाळला, की दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन तो गुळगुळीत दगडानं घोटून चमकवायचा. त्याच्या मिशा एवढ्या, की घरात त्याला मिशाळ याखेरीज दुसरं नाव उरलं नव्हतं. तो चौकटीसमोर हात बांधून उभा होता.

चौकट पुरुषभर उंचीची होती. एका मोठ्या सभागृहातल्या आरशाची, नक्षीदार. चारही बाजू सोन्यानं मढलेल्या, फक्त उजव्या बाजूचा खालचा कोपरा अजून तांबड्या मातीच्या लेपाचा.

"एवढंच राहिलं," मिशाळ म्हणाला. "उद्या मीच पुरं करणार. चढवता येतं मला थोडंफार. मास्तरांचं काम अर्धं सोडवत नाही."

"आधी एवढ्या मोठ्या चौकटी व्हायच्या इथे?"

"बऱ्याच वर्षांत नाही. हल्ली लहानच कामं यायची. अर्ध्या तासात मास्तर मोकळे. ही मात्र चार तासांची."

बाई जवळ गेल्या. सोन्याला कुठे सुरकुती नव्हती. "फारच नाजूक काम."

"नाजूक?" मिशाळनं वहीसारख्या पुडक्यातून एक वर्ख खारीच्या केसांच्या रुंद कुंचल्यावर उचलला. "बघा." तो चौकटीपर्यंत पोचायच्या आत वर्ख कुंचल्यावरून उठला, हवेत एक कोलांटी मारली आणि त्याच्याच मिशीवर जाऊन बसला. डाव्या बाजूची मिशी सोन्याची झाली.

दुसरी वेळ असती तर बाई हसल्या असत्या. त्यांनी जाळीसमोर हात धरला. तीच झुळूक.

"तुम्ही श्वास धरला होता," त्या म्हणाल्या. "मीही. मग तो उडाला कशानं?"

मिशाळ मिशी पुसू लागला.

"या झुळुकीत एक वर्ख लागत नाही. मास्तरांनी त्या दुपारी शंभरावर लावले, एक सुरकुती न पाडता. तेव्हा इथे वारा नव्हता. जाळी बंद होती. आणि पोलीस आले तेव्हा उघडी. बंद कोणी केली, मिशाळ? आणि उघडली कोणी?"

"मी सकाळचा माणूस, बाई. दुपारचं मला काय माहीत?" पण त्याची नजर टेबलाच्या कडेवर गेली आणि चटका बसल्यासारखी परत आली.

बाई खाली वाकल्या. टेबलाच्या जाळीकडच्या कडेला दोन खळगे होते. वर्षानुवर्षं एकाच जागी काहीतरी आपटून लाकूड खोलगट आणि काळं झालेलं. त्या दोन जुन्या खळग्यांभोवती नवे घाव होते, कोवळे, पांढरे. आधीचे नेमके खळग्यांत. मग शेजारी. मग इकडेतिकडे, वाकडेतिकडे. शेवटचे तर नखानं ओरबाडल्यासारखे. पस्तिसाच्या पुढे बाईंनी मोजणं सोडलं.

"त्यांच्या हातात काय होतं?"

मिशाळनं कुंचला खाली ठेवला. "घोटायचा दगड."

"पण घोटाई दुसऱ्या दिवशी करतात, म्हणालात."

"हो."

"मग त्या दिवशी दगड हातात कशाला?"

मिशाळ पुन्हा मिशी पुसू लागला. सोनं निघत नव्हतं.

४

व्हरांड्यात ऊन तिरपं पडलं होतं. भिंतीला लागून म्हातारीची बाजेसारखी आखूड बैठक, आणि तिच्या डोक्याच्या वर जेमतेम हातभर तो चौकोनी झरोका. या बाजूनं त्याला जाळी नव्हती, उघडं भोक. आतून, स्क्रू न काढता, तो बुजवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. बाहेरून मात्र लहान मुलालाही.

बाईंनी बोट फिरवलं. भोकाच्या खरखरीत कडांना करड्या लोकरीचे धागे अडकले होते. शेजारी एक खिळा, ठेंगण्या माणसाचा हात पोचेल एवढ्याच उंचीवर. खिळ्याखाली भिंतीवर एक फिकट चौकोन, जिथे काहीतरी वर्षानुवर्षं लटकत होतं आणि आता नव्हतं.

बाई त्या चौकोनापुढे थबकल्या.

त्यांनी ते पाहिलं होतं. दोन महिन्यांपूर्वी, हीटर बसवला त्या दिवशी, त्या खिळ्याला एक जाड, शिवलेली गादी लटकत होती. उशीच्या पिल्लासारखी. त्यांनी मास्तरांना विचारलंही होतं, "हे काय?" मास्तर म्हणाले होते, "गरम भांडं धरायला." व्हरांड्यात कुठलं गरम भांडं, हा प्रश्न त्यांच्या ओठापर्यंत आला होता. पण त्या दिवशी आणखी सात घरं करायची होती. त्यांनी 'जाळी मोकळी' या ओळीपुढे खूण केली आणि सही ठोकली.

म्हणजे सही खोटी नव्हती. नुसती आंधळी होती. यातलं जास्त वाईट कुठलं, ते बाईंना ठरवता येईना.

"हेच शोधताय ना?"

मागे सून उभी होती. औषधांच्या दुकानात ती कामाला होती. तिथल्या कागदी पिशवीत हात घालून तिनं ती करडी गादी बाहेर काढली.

"मीच घातली होती," ती म्हणाली. आवाज सपाट. "जाळी मी बुजवली. नंतर मीच काढून लपवली. लिहा तसं, आणि मिटवा."

५

बाईंनी गादी हातात घेतली. झरोक्याच्या मापानं शिवलेली, चारी कोपऱ्यांना बारीक टाके. जुन्या हातचे टाके होते ते, आणि एका कोपऱ्याला नव्यानं शिवण घातलेली.

"तुम्ही दुकानातून किती वाजता आलात त्या दिवशी?"

"सहाला."

"मास्तर कामाला बसले दोनला. वर्खाला हात लावायच्या आधी जाळी बंद व्हायला हवी. तुम्ही दुकानात बसून ती कशी बुजवलीत?"

सुनेनं भिंतीला पाठ टेकली.

"काढलीत मात्र तुम्ही," बाई म्हणाल्या. "सहाला आलात. दार उघडलंत. ते पाहिलंत. आणि हाका मारायच्या आधी इथे येऊन, काकूंना आत पाठवून, ही काढलीत. घाईत लोकर अडकून राहिली."

"दाराला हात लावायचा नाही, असा नियम आहे या घरात." सून स्वतःशीच बोलल्यासारखी बोलत होती. "वर्ख चालू असला की आतून ठोकेपर्यंत कोणी दार उघडायचं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मला. पूर्वी हीटर नव्हता हो. कुडकुडत काम करायचे. उशीर झालाच तर बाहेर येऊन चार शब्द सुनवायचे, एवढंच. मला वाटलं, म्हातारपणी ऊब मिळेल. हीटर मी आणला ना. मग मीच मारलं की नाही?"

"नाही. गादी कोणाची होती?"

सुनेनं गादी परत घ्यायला हात पुढे केला.

"आतून ठोकलं की गादी काढायचं काम कोणाचं होतं?"

व्हरांड्याच्या टोकाला मुलगा येऊन उभा राहिला होता. त्याच्या मागे मिशाळ. तिघंही तिथे होते आणि तिघंही फरशीकडे बघत होते, जणू उत्तर फरशीवर सांडलंय आणि त्यावर पाय पडायला नको.

 टेबलावरचे घाव बाईंच्या डोळ्यासमोर आले. पस्तीस, चाळीस. तो माणूस आत दगड आपटत होता, आणि हातभर अंतरावर, या बैठकीवर, एक बायको बसली होती. चव्वेचाळीस वर्षांची बायको. चार तास. तिनं ऐकलं आणि हात हलवला नाही?

तेवढ्यात म्हातारीच स्वयंपाकघरातून आली. बाईंच्या हातात गादी बघून तिचा चेहरा उजळला.

"अगंबाई, सापडली का? चार दिवस झाले शोधतेय. या घरात वस्तू जागेवर राहील तर शपथ." तिनं गादी घेतली, झटकली आणि प्रेमानं खिळ्याला अडकवली. "बरं झालं. उद्या मिशाळ बसणार ना राहिलेल्या कोपऱ्याला? बस रे बाबा निर्धास्त, हीटर लावून बस. मी आहे बाहेर. ठोकलंस की काढते."

मिशाळचा हात आपसूक आपल्या गळ्याकडे गेला. पण तो म्हणाला, "हो, काकू."

६

बाई रात्रभर विचार करत होत्या, असं म्हणायला छान वाटतं. खरं म्हणजे त्या घरी जाऊन सगळ्या खिडक्या उघडून कुडकुडत पडल्या होत्या. सकाळ झाली तेव्हा एवढंच ठरलं होतं, की कागदावर काहीही लिहिण्याआधी ती दुपार पुन्हा घडलेली बघायची.

दुपारी दोन वाजता त्या म्हातारीसमोर, उजेडात, जाऊन बसल्या. "काकू, तुमची पद्धत मला दाखवाल? मी मास्तरांच्या जागी बसते. तुम्ही तुमच्या."

"त्यात काय दाखवायचं? गादी लावायची, ठोकलं की काढायची." पण ती खूश झाली होती. चार दिवसांत पहिल्यांदा तिला कोणी काम सांगत होतं.

"मी थांबते आईंजवळ," सून घाईनं म्हणाली.

"नको. त्या दिवशी तुम्ही नव्हता." बाईंनी सुनेला आणि मुलाला पुढच्या खोलीत धाडलं. मिशाळला खोलीच्या दारापाशी उभं केलं आणि त्याच्या मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं. "पाऊण तास. तोवर मी आले नाही, तर नियमबियम गुंडाळून ठेवायचा आणि दार उघडायचं."

त्यांनी हीटर पेटवला. यंत्राची घंटा अगदी कमी आकड्यावर लावली. मग जाळीतून दिसणारा उन्हाचा चौकोन गादीनं झाकला गेला. झुळूक थांबली. एखाद्यानं बोलता बोलता तोंड मिटावं तशी.

खोली उबदार होऊ लागली. हेच तर भयंकर होतं. तिथे अगदी बरं वाटत होतं. बाहेरच्या गारठ्यातून आलेल्या हाडांना ऊब लागून डोळे मिटावेसे वाटत होते. बाईंनी सवयीनं नाकानं हवा ओढली. लाकूड, सरस, तांबडी माती. वीस वर्षांचं ते नाक, आणि ज्याला पकडायचं तो त्याच्यासमोरून पाऊल न वाजवता हिंडत असणार.

अर्ध्या तासानं ज्योतीच्या टोकाला पिवळी जीभ फुटली. यंत्रावर शून्याच्या जागी चार झाले. मग नऊ. कपाळावर कोणी अंगठा दाबून धरावा तसं वाटू लागलं. खरंच होतं की भीतीनं, ते बाईंना कळेना. मास्तरांनाही कळलं नसेल. त्यांचा तर एकच कोपरा राहिला होता. आणखी दोन वर्ख, मग ठोकू. आणखी एक, मग ठोकू. आणि ठोकलं तेव्हा पाय आधीच गेलेले.

बाईंनी घोटायचा दगड उचलला आणि जुन्या खळग्यांत मारला. टक. टक.

जाळी तशीच काळी राहिली.

पुन्हा. टक, टक. लाकडातून आवाज खणखणीत जात होता. पलीकडे बैठक करकरली. म्हातारी जागेवर सरकली असावी. म्हणजे ती तिथेच होती. बाईंनी जोरानं ठोकलं, मग आणखी जोरानं, आणि त्यांच्या ध्यानात आलं की आपण नियम सोडून ठोकतोय, आकडा सोडून ठोकतोय, आणि दगड आता मास्तरांच्याच घावांवर पडतोय.

तेवढ्यात यंत्राची घंटा सुटली. कानाला भोक पाडणारी, कर्कश, न थांबणारी.

गादी हलली नाही.

बाईंनी हीटर बंद केला, कोकलणारं यंत्र मुठीत धरलं आणि दार ढकललं. मिशाळला बाजूला सारून, स्वयंपाकघरातून व्हरांड्यात आल्या. म्हातारी तिच्या जागेवर बसली होती. पाठीला भिंत, डोक्यावर गादी, मांडीवर एक पुरुषी मोजा, त्याची टाच रफू करत होती. यंत्र दोन पावलांवर किंचाळत होतं. सुई शांतपणे वरखाली होत होती.

बाईंची सावली मोज्यावर पडली, तेव्हा म्हातारीनं मान वर केली आणि हसली.

"झालं का? ठोकलं नाहीत तुम्ही."

आणि मग बाईंना सगळं एकदम दिसलं. हातभर अंतरावर कोकलणारी किटली. खांद्याला लावलेलं सुनेचं बोट. उजेडात बसा, तोंड दिसू दे. वाकून विचारलेल्या प्रश्नाला थंडीचं उत्तर. आणि लहान चौकटींची ती वर्षं. काम अर्ध्या तासाचं, मग ठोकणं ऐकू आलं काय, नाही काय, म्हातारी घड्याळ बघून गादी काढत असणार. त्या दिवशीची चौकट मोठी होती. घड्याळाला विचारायची सोय नव्हती.

घंटेच्या आवाजानं मुलगा आणि सून धावत आले होते. मुलाचे दोन्ही हात कानांवर. मिशाळच्या मिशा वेड्यावाकड्या. बाईंनी यंत्र बंद केलं नाही. बंद करावंसं फार वाटत होतं. पण मग हा कोपरा पुरा करायला आज ना उद्या मिशाळ आत बसला असता, आणि गादी लावून, मोजा घेऊन, ती इथे.

म्हातारीनं एकेकाकडे पाहिलं. मुलाच्या कानांवरचे हात पाहिले. यंत्रावर धडधडणारा लाल दिवा पाहिला. "काय वाजतंय का?" तिनं विचारलं.

"काही नाही गं आई," मुलगा म्हणाला. तोंड तिच्याकडे करून, सवयीनं, एकेक शब्द सुटा. "यंत्र बिघडलंय. चल आत."

"यंत्र चांगलं आहे. मास्तर ज्या कोंडलेल्या हवेनं गेले, तिच्यावरच वाजतंय ते," बाई म्हणाल्या. म्हातारीसमोर त्या गुडघ्यांवर बसल्या, उजेडाकडे तोंड करून. "ही गादी मी पाहिली होती, काकू. दोन महिन्यांपूर्वी, याच खिळ्याला. नीट विचारलं नाही मी. ते मी माझ्या कागदावर लिहिणार आहे. माझा वाटा मी सांगितला."

सुनेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बाई, पुरे. पाया पडते तुमच्या."

मोकळ्या हवेत यंत्र आपसूक थांबून तो लाल दिवा विझेपर्यंत म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. मग उठली. हात उंचावून तिनं गादी झरोक्यातून ओढून काढली, आणि त्या मोकळ्या भोकात हात घातला, कोपरापर्यंत, आतल्या जाळीला बोटं लागेपर्यंत. जाळीच्या पलीकडे लगेच टेबलाची कड होती. तिनं बोटांनी जाळीवर दोनदा टकटक केलं. बाकी तिघांनी माना खाली घातल्या, त्यावरून तिला कळलं असावं, की तेवढंही त्यांना ऐकू गेलं.

"आवाज झाला ना?" तिनं सुनेला विचारलं.

सुनेनं मान हलवली, हो म्हणून.

म्हातारीनं हात बाहेर काढला. त्याला चुना लागला होता. तो तिनं पदराला पुसला, अगदी सावकाश, एकेक बोट.

"म्हणजे ठोकलं त्यांनी," ती म्हणाली. "मला ऐकू येत नाही."